खेळगडी आणि सावज

१

खेळ आणि नीती यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे सामान्यतः दोन टोकांनी होतो. एक टोक खेळाला संस्काराचे साधन मानते. खेळामुळे शिस्त, सांघिक वृत्ती आणि खिलाडूपणा अंगी बाणतो, असे त्याचे म्हणणे असते. दुसरे टोक खेळाला नीतीच्या कक्षेबाहेर ठेवते. खेळात जे घडते ते 'खरे' नसते, म्हणून त्यास चांगले किंवा वाईट म्हणण्यात अर्थ नाही, असे ते मानते. पहिल्या भूमिकेत खेळ नीतीचा सेवक होतो, दुसरीत तो नीतीपासून मोकळा होतो. परंतु खेळ चालू असताना, खेळाच्या आतच, एक माणूस दुसऱ्या माणसाशी कसा वागतो, हा प्रश्न दोन्ही भूमिकांतून निसटतो. प्रस्तुत लेखात या निसटलेल्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी इंटरनेटवरील बहुखेळाडू खेळांत गेली तीन दशके चाललेला एक वाद आधाराला घेतला आहे.

वाद थोडक्यात असा. एकाच कल्पित जगात हजारो माणसे एकाच वेळी खेळत असतात. त्यांतील काहींना तेथे हिंडायचे असते, धंदा करायचा असतो, घर बांधायचे असते, इतरांशी बोलायचे असते; काहींना त्या इतरांना एकटे गाठून मारायचे असते. दोघेही नियमांना धरूनच वागत असतात. पहिल्यांची तक्रार अशी की, आम्ही या खेळासाठी आलो नव्हतो. दुसऱ्यांचे उत्तर असे की, हाच खेळ आहे. विषय वरवर पाहता पोरकट वाटेल आणि मराठी समीक्षेच्या कक्षेबाहेरचाही वाटेल. परंतु 'हा तर नुसता खेळ आहे' हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार कोणाला असतो, आणि ते वाक्य समर्थन न राहता शस्त्र कधी होते, हा प्रश्न मराठी साहित्याला अपरिचित नाही. किंबहुना, या नव्या वादात जे हाती लागत नाही ते आपल्या जुन्या संहितांत आणि आपल्या पोरांच्या अंगणातल्या भाषेत सापडते, असे मला वाटते.

२

खेळात 'मारणे' हे मुळात निंद्य नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. बुद्धिबळात प्यादे मारतात, सोंगट्यांच्या पटावर सोंगटी मरते, आणि त्याबद्दल कोणी शोक करीत नाही. रायगड जिल्ह्यात, पेण-रोह्यापासून अलिबागपर्यंतच्या गावोगावी, ज्या खेळावर माणसे जीव टाकतात त्या कबड्डीची सारी परिभाषाच जगण्यामरण्याची आहे. हुतूतूच्या जुन्या बोलीत बाद झालेला गडी 'मेला' आणि परत मैदानात आलेला 'उठला'. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या खेळाला नियमबद्ध रूप देण्याचे जे प्रयत्न महाराष्ट्रात झाले, त्यांत त्याचे तीन प्रकार मानले जात : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी उठतो. गामिनीत मेलेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत उठत नाही. अमर प्रकारात गडी बाद होऊनही मैदानाबाहेर जात नाही. फक्त गुण मोजला जातो. आज सर्वत्र खेळली जाते ती संजीवनीच्या तत्त्वावरची कबड्डी होय.

ही तीन नावे ज्यांनी योजिली त्यांनी खेळातील मृत्यूचे एक लहानसे तत्त्वज्ञानच मांडले आहे. संजीवनीत मरण ही फिरती वस्तू असते. एकाचे मरण हे दुसऱ्याचे उठणे असते, आणि मेलेले गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठतात. मेलेला गडी खेळाबाहेर गेलेला नसतो. तो रेषेबाहेर, आपल्यासाठी राखलेल्या जागी बसून, आपला क्रम येण्याची वाट पाहत असतो. दुसरी गोष्ट अशी की, चढाई करणारा गडी मारण्यासाठी जेथे जातो तेथे तोच सर्वांत एकटा असतो. एका दमात, प्रतिपक्षाच्या सात जणांमध्ये, पकडले जाण्याच्या आवाक्यात जाऊनच त्याला कोणाला तरी शिवता येते. तिसरी गोष्ट मध्यरेषेची. ती ओलांडली की आपण कोणत्या व्यवहारात शिरलो हे दोन्ही बाजूंना सारखेच ठाऊक असते. मरणाचे फिरतेपण, धोक्याची परस्परता आणि प्रवेशाची उघड खूण या तीन गोष्टींमुळे कबड्डीतले मारणे निर्दोष ठरते. शरीराला लागते, गुडघे फुटतात, क्वचित हाडही मोडते. तरी ज्याला लागले तो त्याकडे 'चाल' म्हणून पाहू शकतो.

हीच कसोटी लावली तर आज पेण-रोह्याच्या गाड्यांत, एसटीच्या थांब्यांवर, महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर तरुण मुले मोबाइलवर जे खेळ खेळताना दिसतात त्यांबद्दलचा आपला सरसकट नैतिक संताप थोडा आवरावा लागतो. पबजी मोबाइल या खेळावर केंद्र सरकारने २०२० साली बंदी घातली आणि २०२१ साली तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने वेगळ्या रूपात परत आला. त्याच्या मुख्य प्रकारात शंभरपर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी एक खेळाडू किंवा एक चमू उरतो. दृश्य हिंसेचे प्रमाण पाहता हा खेळ कबड्डीहून कितीतरी भयंकर. परंतु त्या बेटावर उतरणारा प्रत्येक जण मारण्यासाठी आणि मरण्यासाठीच उतरलेला असतो. तेथे भाकरी भाजण्यासाठी आलेला कोणी नसतो. त्या खेळाच्या व्यसनाचे, त्यात जाणाऱ्या वेळेचे प्रश्न वेगळे आहेत. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो निरुपद्रवी आहे. याचा अर्थ असा की, आपला प्रश्न हिंसेच्या चित्रणाचा नाही. तो एकाच मैदानावर दोन निराळे खेळ चालू असण्याचा आहे.

३

या प्रश्नाचे अभिजात उदाहरण १९९७ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' या खेळाचे आहे. ब्रिटानिया नावाच्या त्या कल्पित राज्यात खेळाडूला योद्धा होता येई, तसे लोहार, शिंपी, सुतार, कोळी किंवा आचारीही होता येई. लोहाराला धातू हवा असे, धातूसाठी गावाबाहेरच्या डोंगरात जाऊन खणावे लागे, आणि तेथे टपून बसलेला कोणी तरी त्याला मारून त्याची थैली, हत्यारे, तासन्‌तास खपून मिळवलेला माल घेऊन जाई. गावात पहारेकरी होते, गावाबाहेर नव्हते. मेलेला खेळाडू पुन्हा जिवंत होऊ शके, पण गेलेले श्रम परत येत नसत. खेळाचे प्रमुख रचनाकार राफ कोस्टर यांची अपेक्षा अशी होती की, लोक स्वतःच संघटित होतील, दरोडेखोरांचा बंदोबस्त करतील आणि त्यातून एक समाज घडेल. काही प्रमाणात तसे झालेही. खून करणाऱ्याचे नाव तांबड्या अक्षरांत दिसावे, निरपराधाचे निळ्या, अशी व्यवस्था झाली. नवख्यांना सोबत देणारी पथके निघाली. तरीही सामान्य खेळाडू मरत राहिले आणि कंटाळून खेळ सोडत राहिले.

अखेर २००० साली जगाचेच दोन भाग करण्यात आले. फेलुका या भागात जुने नियम राहिले. ट्रॅमेल या भागात संमतीवाचून कोणी कोणाला मारू शकत नसे. बहुसंख्य खेळाडू ट्रॅमेलमध्ये निघून गेले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. फेलुकात राहिलेल्या मारेकऱ्यांना आता त्यांच्याच जातीचे, मारण्यास आणि मरण्यास राजी असलेले प्रतिस्पर्धी मोकळेपणाने उपलब्ध होते. त्यांना लढाई हवी असती तर त्यांच्यासाठी हा सुकाळ होता. प्रत्यक्षात त्यांच्याकडून तक्रार आली ती सावज उरले नाही अशी. म्हणजे निदान त्यांतील अनेकांना प्रतिस्पर्धी नको होता. खेळायला न आलेला माणूसच त्यांना हवा होता.

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली, म्हणजे हे घडण्याआधीच, अशा जगांतील खेळाडूंचे चार वर्ग सांगितले होते : मिळवणारे, धुंडाळणारे, मिसळणारे आणि मारणारे. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात पहिले अक्षरमय बहुखेळाडू जग रचणाऱ्या दोघांपैकी ते एक असल्यामुळे त्यांच्या निरीक्षणाला वजन आहे. त्यांच्या मते मारणाऱ्यांचा आनंद इतरांवर आपली कृती लादण्यात असतो, आणि मारणारे वाढले की मिसळणारे घटतात. ही मांडणी समाजशास्त्रीय आहे. कोणत्या प्रमाणात कोणते खेळाडू असले की जग टिकते, असा तिचा रोख आहे. नीतीचा प्रश्न तीत उपस्थित होतो, पण सुटत नाही. 'लादणे' हा शब्द मात्र आपण तेथून उचलून घेऊ.

४

मारणाऱ्याच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. पहिला : नियम परवानगी देतात. दुसरा : तू स्वतःहून आत आलास, तेव्हा संमती दिलीस. तिसरा : हे सारे खोटे आहे, मनाला लावून घेण्यासारखे नाही.

योहान हॉइझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात खेळ बिघडवणाऱ्यांचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. फसवणारा खेळाडू नियम मोडतो, पण नियम पाळल्याचे सोंग करतो. म्हणजे खेळाचे अस्तित्व तो मान्य करतो. खेळमोड्या मात्र खेळच नाकारतो, आणि म्हणून समूह फसवणाऱ्यापेक्षा त्याच्यावर अधिक रागावतो. आपला मारेकरी या दोहोंत बसत नाही. तो एकही नियम मोडत नाही आणि खेळ नाकारतही नाही. उलट, नियमांचा सर्वांत काटेकोर भाष्यकार तोच असतो. तरीही त्याच्या वागण्याने दुसऱ्याचा खेळ संपतो. हा तिसरा प्रकार ओळखायचा तर नियम आणि खेळ या दोन गोष्टी एक नाहीत असे मान्य करावे लागते. नियम खेळ शक्य करतात. पण खेळ घडतो तो खेळणारे एकमेकांना खेळगडी मानतात म्हणून. नियमपुस्तिका हा त्या मान्यतेचा अवशेष असतो. तिची जागा ती घेऊ शकत नाही.

दुसरा युक्तिवाद संमतीचा आहे, आणि त्याची सर्वांत कठोर परीक्षा आपल्याकडे सभापर्वात झालेली आहे. युधिष्ठिर द्यूताला बसला तो आपण होऊन. आव्हान आल्यावर मागे न फिरण्याचे त्याचे व्रत होते. शकुनीचे कपट बाजूला ठेवले तरी द्यूत नियमांनुसार पुढे सरकते : धन, राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी. ती त्या वेळी सभेत नाही. फासे पडतात तेव्हा अंतःपुरात आहे. जो खेळ ती खेळत नाही, त्याच्या निकालाने तिला सभेत ओढून आणले जाते. प्रातिकामीबरोबर ती प्रश्न पाठवते की, युधिष्ठिर आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? हा नियमाच्या भाषेतला प्रश्न आहे. भीष्म त्याला धर्माची गती सूक्ष्म असल्याचे उत्तर देतात, म्हणजे उत्तर देत नाहीत. विकर्ण तिची बाजू घेतो; त्याला गप्प बसवले जाते.

इरावती कर्वे यांनी 'युगान्त' (१९६७) मध्ये हा प्रश्न विचारणे ही द्रौपदीची चूक मानली आहे, कारण उत्तर कोणतेही आले तरी तिची सुटका नव्हती. या मताबद्दल बराच वाद झाला आहे. मला त्यातला एक धागा आपल्या विषयासाठी मोलाचा वाटतो. नियमाच्या आत राहून नियमाचा अर्थ विचारणाऱ्याला नियमाचे मालकच उत्तर देणार असतात. 'तू मला रीतसर हरलास का?' हा प्रश्न 'मी या खेळात होते का?' या प्रश्नाला झाकून टाकतो. सभेतील एकाही वृद्धाने दुसरा प्रश्न विचारला नाही. द्यूताचे पाप फाशांच्या कपटात शोधण्याची आपली परंपरा आहे. माझ्या मते ते त्याहून अधिक या न विचारलेल्या प्रश्नात आहे. शकुनी प्रामाणिकपणे जिंकला असता तरी द्रौपदीला सभेत ओढणे तितकेच अधर्म्य ठरले असते.

यावरून संमतीविषयी एक विधान करता येते. एखाद्या जगात प्रवेश करणे म्हणजे त्या जगात नियमांनी शक्य असलेल्या प्रत्येक कृतीला मान्यता देणे नव्हे. बाजारात जाणारा माणूस धक्काबुक्कीची शक्यता स्वीकारतो, पण म्हणून त्याला मुद्दाम धक्का मारणारा निर्दोष ठरत नाही. खणायला गेलेल्या लोहाराला धोका ठाऊक होता हे खरे. पण धोका ठाऊक असणे आणि धोक्याशी खेळायला येणे यांत अंतर आहे. कबड्डीतला गडी मध्यरेषा ओलांडतो तेव्हा त्या ओलांडण्याचा एकच अर्थ होतो. ब्रिटानियाच्या वेशीला तसा एकच अर्थ नव्हता. एकासाठी ती युद्धभूमीची सीमा होती, दुसऱ्यासाठी कामावर जाण्याची वाट. हा दुहेरी अर्थ मारेकऱ्याला कळत नव्हता असे नाही. त्याची सारी कमाई त्या दुहेरीपणावरच चाललेली होती.

५

येथे एक सोपे स्पष्टीकरण पुढे येते, आणि ते नाकारणे आवश्यक आहे. असे म्हटले जाते की, इंटरनेटवर माणूस अनामिक असतो, ज्याला मारले त्याचे तोंड उद्या पाहावे लागत नाही, म्हणून तो क्रूर होतो. गावात असे होत नाही. पेण वा रोह्याच्या एखाद्या गावातल्या मैदानावर ज्याला रविवारी रात्री मातीत लोळवला तोच सोमवारी सकाळी एसटीत शेजारी बसतो, ही गोष्ट खरी आहे, आणि तिचा काही लगाम राहतो हेही खरे आहे. परंतु ओळख हे क्रौर्यावरचे औषध असते तर विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक लिहिलेच गेले नसते.

१९६७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात मुंबईची एक हौशी मंडळी खेडेगावी 'अभिरूप न्यायालया'चा प्रयोग करायला आलेली आहे. रात्रीच्या प्रयोगाला अवकाश आहे, म्हणून स्थानिक सामंताला कोर्टाची रीत कळावी या निमित्ताने एक लुटुपुटूचा खटला उभा केला जातो आणि लीला बेणारे हिला आरोपी केले जाते. आरोप भ्रूणहत्येचा. या मंडळींत कोणी अनामिक नाही. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे हे सारे तिला रोज भेटणारे लोक आहेत. किंबहुना, ओळख आहे म्हणूनच कोठे वार करायचा हे त्यांना कळते. सामंत तेवढा अनोळखी, आणि त्या मंडळीत थोडाफार निरागस राहतो तो तोच. अनामिकतेचा सिद्धांत येथे उलटा होतो.

आपल्या दृष्टीने या नाटकातील तीन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली : पहिल्या अंकात सर्वांत अधिक खेळकर कोण आहे, तर बेणारे. ती गाते, नकला करते, इतरांना चिडवते. खेळाचा भाव तिच्यात आहे, तर इतरांजवळ फक्त खेळाची चौकट आहे. आणि चौकटवाले भाववालीची शिकार करतात. दुसरी : आरोप पुकारला जातो तेव्हा ती थट्टेत उत्तरे देते, त्या क्षणी ती खेळात आहे असे म्हणता येईल. परंतु खाजगी आयुष्यातले तपशील पुराव्यादाखल येऊ लागतात तेव्हा ती बाहेर पडू पाहते, आणि तिच्या नकाराचाच खटल्यातील वर्तन म्हणून अर्थ लावला जातो. खेळातून बाहेर पडण्याची प्रत्येक वाट खेळातलीच चाल म्हणून मोजली गेली की खेळगड्याचे सावज होते. मला ही या नाटकातील सर्वांत भीषण गोष्ट वाटते. तिसरी : निकाल लागल्यावर, गावकरी दाराशी येताच, सारे पुन्हा सभ्य होतात आणि तिला समजावतात की हा खेळच होता. 'खेळ' हा शब्द खटला चालवण्यासाठी परवाना म्हणून वापरला जातो आणि खटला संपल्यावर माफीपत्र म्हणून. तिच्या पोटातले मूल मात्र खेळातले नसते.

मारेकऱ्याच्या तिसऱ्या युक्तिवादाचे, 'हे सारे खोटे आहे' याचे, उत्तर येथे मिळते. ते खोटे आहे की खरे हे एकाच बाजूने ठरवता येत नाही. १९९३ साली लॅम्डामू नावाच्या, केवळ अक्षरांनी बनलेल्या एका जगात एका खेळाडूने दुसऱ्या पात्रांच्या नावावर त्यांच्या इच्छेविरुद्ध लैंगिक अत्याचाराची वर्णने लिहिली. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तेथे शरीर नव्हते, चित्रही नव्हते. होती ती वाक्ये. पण ज्यांच्या नावाने ती उमटली त्यांना वेदना झाली. साहित्याच्या अभ्यासकाने तरी 'नुसती वाक्येच होती' असे म्हणू नये.

६

आता दुसरी बाजू. शांततेने खेळणाऱ्यांची भूमिका निर्दोष आहे का? ट्रॅमेलमध्ये गेल्यावर ते सुरक्षित झाले, परंतु जुन्या जगातील काही गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. नवख्याला डोंगरापर्यंत सोबत देणाऱ्याची गरज संपली. मारता येत असूनही न मारणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल वाटणारी कृतज्ञता संपली. जेथे कोणी कोणाचे वाईट करूच शकत नाही तेथे कोणी चांगला आहे असे म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. २००३ पासून चालत आलेल्या 'ईव्ह ऑनलाइन' या खेळाने नेमकी उलटी वाट धरली. तेथे अत्यंत सुरक्षित भागातही हल्ला अशक्य नाही, फक्त हल्लेखोराला नंतर शिक्षा होते. आणि ते जग दोन दशकांहून अधिक काळ टिकले आहे. तेथील व्यापाराला, विश्वासाला आणि विश्वासघातालाही जे वजन आहे ते धोक्यामुळेच.

हा आक्षेप गंभीर आहे, आणि तो मराठी सौंदर्यविचारातील एका जुन्या वादाशी जाऊन भिडतो. कलाव्यवहार स्वायत्त आहे, त्याला लौकिक नीतीचे मापदंड लावू नयेत, ही मर्ढेकरी वळणाची भूमिका. आणि कला ही जीवनव्यवहाराचाच भाग आहे, ही तिच्या विरोधातील भूमिका. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) या दोन ध्रुवांमधील ताण उकलून दाखवला आणि एका ध्रुवाने दुसऱ्याला गिळून टाकण्यास नकार दिला. स्वायत्ततेचे मोल मलाही मान्य आहे. नाटकातला खून हा खून मानला तर नाटक बंद पडेल. खेळातले मरण मरण मानले तर कबड्डी बंद पडेल. ज्याला कोणताही धोका नको, कोणतीही अप्रिय ओळ नको, असा वाचक साहित्याचेही ट्रॅमेल करून टाकतो, आणि आजच्या वातावरणात ही भीती काल्पनिक नाही.

पण स्वायत्तता ही चौकटीच्या आतल्यांनी मिळून राखलेली गोष्ट आहे. प्रेक्षक नाटकातल्या खुनाकडे शांतपणे पाहतो, कारण नटही त्या खुनाकडे नाटक म्हणून पाहत असतो हे त्याला ठाऊक असते. नट खरोखरच घाबरला आहे असे दिसले तर तीच स्वायत्तता पुढे करून प्रयोग चालू ठेवण्याचा अधिकार दिग्दर्शकाला राहत नाही. म्हणून 'धोका हवा' हे म्हणणे मान्य करूनही प्रश्न उरतो की, धोका कोणाच्या वाट्याला? ईव्हसारखे जग निदान वेशीवरच सांगते की येथे कोठेही सुरक्षितता नाही. तेथील वेशीला एकच अर्थ आहे. धोक्याचे मोल सांगणाऱ्याने आधी तो स्वतःच्या वाट्याला घ्यावा, हे कबड्डीतल्या चढाईचे तत्त्व तेथेही लागू करता येते. मारेकऱ्याचा दोष त्याने जगात धोका आणला हा नाही. आपल्याला धोका नाही अशी जागा आणि वेळ तो निवडतो, हा आहे.

७

मग दोन निराळे खेळ खेळणाऱ्यांनी एका मैदानावर राहावे कसे? जगाची फाळणी हे प्रशासनाचे उत्तर झाले. नीतीचे उत्तर शोधताना मला मराठी मुलांच्या खेळातील दोन शब्दांपाशी थांबावेसे वाटते.

पहिला शब्द 'लिंबूटिंबू'. पळापळीच्या खेळात एखादे धाकटे भावंड हट्टाने सामील होते. त्याला वगळता येत नाही आणि त्याला इतरांसारखे बाद करून त्याच्यावर राज्यही देता येत नाही. तेव्हा ते लिंबूटिंबू ठरते : ते धावते, ओरडते, शिवले जाते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. कोणत्याही नियमपुस्तिकेत हा नियम नाही, आणि जगातील मोठमोठ्या रचनाकारांनी नवख्यांच्या संरक्षणासाठी जी कलमे घातली ती या अंगणी युक्तीच्या फार पुढे गेलेली नाहीत. लिंबूटिंबूमुळे खेळ कमी खरा होत नाही. मोठ्यांमधली चुरस तशीच राहते. फक्त समोरचा कोणता खेळ खेळतो आहे याची दखल घेतली जाते, आणि ती घेण्याची जबाबदारी बलवानावर असते. या व्यवस्थेचा सल प्रौढांना ठाऊक आहे : लिंबूटिंबू ठरवला जाण्यात अवमानही असतो, आणि ज्यांना गावाने कधी पुरा गडी मानलेच नाही अशा स्त्रियांना आणि जातींना हा शब्द गोड वाटणार नाही. म्हणून हा दर्जा स्वीकारण्याचा वा झुगारण्याचा हक्क ज्याचा त्यालाच हवा.

दुसरा शब्द 'टाइमप्लीज'. मूठ ओठांशी नेऊन हा शब्द उच्चारला की राज्य असलेला गडीही थांबतो. चपलेचा बंद तुटला असेल, आईने हाक मारली असेल, नुसता दम लागला असेल. कारण विचारले जात नाही. कधी कधी या सवलतीचा गैरवापर होतो, त्यावर भांडण होते, 'रडीचा डाव' म्हणून टोमणे बसतात. तरी तो शब्द रद्द होत नाही. खेळ कोणत्याही क्षणी थांबू शकतो या खात्रीवरच तो चालू असतो. बेणारेला जो शब्द मिळाला नाही तो हा. द्रौपदीने नियमाच्या भाषेत प्रश्न विचारला, कारण त्या सभेत या शब्दाला जागा नव्हती.

प्रौढांच्या सणांतही अशी समज होती. कोकणातला शिमगा म्हणजे परवानगीचा धुमाकूळ : बोंबा, शिव्या, रस्ता अडवून मागितलेला पोस्त. पण ज्या घरी सुतक आहे तेथे पालखी जात नाही, हे कोणाला सांगावे लागत नाही. २००६ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात, प्रत्यक्षात मरण पावलेल्या एका खेळाडूच्या स्मरणार्थ तिचे सोबती त्या कल्पित जगात जमले असताना, प्रतिपक्षाच्या एका टोळीने हल्ला करून सर्वांना कापून काढले आणि त्याचे चित्रीकरण प्रसिद्ध केले. जागा नियमांनुसार युद्धाला खुली होती. टोळीची बाजू घेणाऱ्यांनी तेच सांगितले, आणि नियमाच्या भाषेत त्यांना उत्तर नव्हते. शिमग्याच्या भाषेत होते : ते सुतकाचे घर होते.

यावरून खेळाच्या नीतीची एक कसोटी सुचते. खेळातली कृती निर्दोष ठरते ती नियमाने दिलेल्या परवान्यामुळे नव्हे. जिच्यावर ती कृती होते त्या व्यक्तीलाही ती चाल म्हणून घेता येते आणि नको तेव्हा थांबवता येते, म्हणून ती निर्दोष असते. ही कसोटी नियमपुस्तिकेत उतरवता येणार नाही, कारण ती दर क्षणी समोरच्या माणसाकडे पाहून लावावी लागते. 'हा खेळतो आहे का?' हा प्रश्न जिंकत असलेल्याने विचारायचा असतो. हरणाऱ्याने विचारला की ती रड ठरते. मराठी घरांत आणि शाळांत, कचेऱ्यांत आणि साहित्यिक मैफलींतही, 'गमतीत घ्या' असे सांगणारा आणि ते ऐकणारा हे दोघे जवळजवळ नेहमी ठरलेले असतात, हे आपण सारे जाणतो. समीक्षकही याला अपवाद नाही. एखाद्या नवोदित कवीचा पहिला संग्रह हाती घेऊन त्याची खिल्ली उडवणे नियमांत बसते, वाचकांना ते आवडतेही. पण तो संग्रह घेऊन तो कवी कोणत्या खेळात उतरला होता, हे पाहण्याइतका वेळ आपण किती वेळा काढतो?